घट्ट बसलात काय?

धुकं असं दाट उतरलं होतं की धावपट्टीपल्याडची निलगिरीची झाडं कुणी ओल्या फडक्यानं पुसून टाकावीत तशी गायब झाली होती. हँगरच्या पत्र्यावरून थेंब टपकत होते. जानेवारीतली सकाळ, साडेआठ वाजलेले. बळ्ळारी रोडवरच्या लॉऱ्यांचा नुसता आवाज यायचा, लॉरी दिसायची नाही. अशा ओलीत डोप लावायचं कामच नव्हतं. डोप म्हणजे विमानाच्या कापडावर चढवायचं व्हार्निश, कापड ढोलासारखं ताणून धरणारं. हवेत ओल असली की ते पांढरं पडतं आणि सगळी मेहनत खरवडून काढावी लागते. म्हणून कावेरीनं डब्याचं झाकण उघडलंच नाही. दोरा काढला, मेणाच्या गोळ्यावरून तीनदा ओढला आणि स्टूल घेऊन पंखापाशी बसली.

पंख विमानापासून सुटा केलेला, लाकडी घोड्यांवर उभा केलेला. नवं कापड चढवलेलं होतं, आता ते आतल्या फासळ्यांना शिवायचं. हे काम एकट्याचं नाही. पंखाच्या अल्याड एक माणूस, पल्याड एक. हातभर लांब सुई इकडून खुपसायची, तिकडच्यानं ओढून घ्यायची, फासळीच्या दुसऱ्या अंगानं परत पाठवायची, मग गाठ. दर अडीच इंचाला एक गाठ. मधे कापड, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही. दिसते ती फक्त सुई.

"अक्का, आज पोस्टमन यायलाय बघ," पल्याडून शिवाप्पा म्हणाला. शिवाप्पा निपाणीकडचा, हँगरमधला मदतनीस; पडेल ते काम करायचा आणि काम नसलं तरी बोलायचा.

"काल पण तू हेच बोललास."

"काल रविवार होता ते माझ्या ध्यानात नव्हतं की. आज शकुन चांगला झालाय. येताना बसमध्ये बसायला जागा मिळाली मला!"

"गाठ ढिली मारू नकोस. सुई दे."

सुई आली. कावेरीनं ती ओढली ती जरा जास्तच जोरानं.

पाच महिने झाले होते. ऑगस्टात तिच्या सगळ्या परीक्षा झाल्या, लेखी झाली, रेडिओची झाली, परीक्षकाला शेजारी बसवून उडणंही झालं. त्रिविक्रम सर, क्लबचे इन्स्ट्रक्टर, कुणाचं सहसा कौतुक न करणारा माणूस, तेसुद्धा म्हणाले, "कावेरी, सरी आहे." सरी म्हणजे कन्नडात ठीक. आता राहिला होता एक कागद. दिल्लीहून लायसन यायचं. ते आलं की ती पायलट. तोवर तिला एकटीनं विमान उडवायची मुभा होती, पण शेजारी माणूस बसवायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर कावेरीला आभाळाचं फार काही वेड नव्हतं. तिला शेजारी बसणारा माणूस हवा होता. एकच माणूस.

त्या माणसाचं नाव जयसिंगराव.

जयसिंगराव क्लबचे अध्यक्ष. देवनहळ्ळीकडं द्राक्षांचे मळे, मिशा तूप लावल्यासारख्या, हसले की पत्रा वाजायचा. एके काळचे पट्टीचे वैमानिक. आता हृदयाच्या दुखण्यापायी डॉक्टरांनी त्यांचं उडणं बंद केलं होतं. क्लबचा एक रिवाज होता, त्यांनीच पाडलेला. कुणाला नवं लायसन मिळालं की पहिला पाशिंजर म्हणून अध्यक्ष बसणार. प्रॉपेलरपुढं नारळ फुटणार, एक फेरी होणार, आणि खाली उतरल्यावर मैसूरपाक वाटताना जयसिंगराव शिंप्याची गोष्ट सांगणार.

त्या गोष्टीतला शिंपी म्हणजे कावेरीचा बाप.

आप्पाजी. नामदेव शिंप्यांचं घर, तीन पिढ्या बेंगळुरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आजा रेशमी साड्यांवरची पोलकी शिवायचा, आप्पाजी विमानाचे पंख शिवायला लागले. दहा वर्षं शिवले, पण विमानात कधी बसले नव्हते. चौऱ्याहत्तर साली आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, सगळ्या विमानांना झेंडूच्या माळा घातलेल्या, कामगारांची बायकापोरं नटूनथटून आलेली. त्या दिवशी मेंबर लोक कामगारांना एकेक फेरी मारून आणायचे. आप्पाजी नवं धोतर नेसून जयसिंगरावांच्या शेजारी बसले. बारा वर्षांची कावेरी आईचा पदर धरून खाली उभी होती.

वर गेल्यावर जयसिंगरावांनी विचारलं, "आप्पाजी, घट्ट बसलात काय?"

आणि गिरकी मारली. विमान नाकावर खाली आणि भोवऱ्यासारखं गरगर. एक नाही, चार. खालून बघणाऱ्यांनी मोजल्या. जयसिंगरावांच्या हिशेबी ती थट्टा होती. विमान उतरलं तेव्हा आप्पाजींचं नवं धोतर ओलं होतं, आणि जयसिंगराव सीटवरूनच ओरडले, "अरे, बादली आणा रे! शिंप्यानं गादी भिजवली!" सगळं हँगर हसलं. आप्पाजींनी ती गादी तिथंच, माळा घातलेल्या विमानापुढं, सगळ्यांच्या देखत धुतली. स्वतःच्या हातानं. मग ती उन्हात ठेवली. मग घरी आले.

त्यानंतर अकरा वर्षं ते त्याच हँगरात पंख शिवत राहिले, कारण दुसरं काही येत नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं तर मान वर करायचे नाहीत. आणि लेकीशी बोलताना नजर तिच्या पायांकडं असायची. पंच्याऐंशी साली गेले. त्यांची सुई कावेरीनं उचलली. जयसिंगरावच म्हणाले होते, "आप्पाजींची पोरगी आहे, घ्या तिला कामावर." मोठा उपकार केल्यासारखं. ती गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. दर आयुधपूजेला, दर नव्या लायसनला. कावेरी तिथं मैसूरपाकाचं ताट धरून उभी असली तरी. त्यांना त्यात काही वावगं वाटायचंच नाही. जुनी गंमत ती, त्यांच्या मते.

कामगारांना उडायला सवलत होती, आजवर कुणी घेतली नव्हती. कावेरीनं घेतली. दहा वर्षं, वर्षाला थोडे थोडे तास, तोंड मिटून. लोक म्हणाले शिंप्याची पोर हौशी आहे. त्रिविक्रम सरांकडून तिनं गिरकी शिकून घेतली आणि पुन्हा पुन्हा मारून पाहिली. सर म्हणाले, "इतकी कशाला? परीक्षेत एकदाच विचारतात."

"हात बसावा म्हणून, सर."

घरी, बनशंकरीला, आई अंबूबाई वाटच बघत असायची. दार उघडताना पहिला प्रश्न, "आला काय गे कागद?"

"नाही."

"मेला तो दिल्लीवाला." अंबूबाई हातातल्या मेथीची जुडी अशी मोडायची की दिल्लीवाल्याची मानच. "चार गिरक्या दिल्या होत्या त्या जयसिंगरावानं तुझ्या बापाला. तू पाच दे. वरची एक माझी."

"पाचच?"

"सहा दे. मला काय, तुझं पेट्रोल." आणि मग भाजी निवडता निवडता, खालच्या आवाजात, "धोतर नवं होतं गे. दसऱ्याचं. मी काठाला हळद लावून दिली होती."

तर ते लायसन यायला हवं होतं. आणि लवकर यायला हवं होतं, कारण दोन फेब्रुवारीला जयसिंगराव कॅनडाला निघाले होते. लेकीकडं, कायमचे. मळे विकून झाले होते.

उशीर कुठं झाला ते कावेरीला पक्कं ठाऊक होतं. दिल्लीला कागद पाठवायचे तर अध्यक्षांची सही लागायची. सप्टेंबरात तिनं कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. ती रोज विचारायची, आणि ते रोज म्हणायचे, "करतो की. स्वल्प थांब." असे दोन महिने गेले. नोव्हेंबरात एक दिवस टेबल पुसायला म्हणून तिनं द्राक्षांची रिकामी पेटी उचलली तर खाली तिचे कागद, वर द्राक्षाच्या रसाचा डाग. मुद्दाम दाबून ठेवले असते तर तिला एक वेळ चाललं असतं. ते विसरले होते. त्याचाच तिला जास्त संताप आला.

त्या धुक्याच्या दिवशीही अकराच्या सुमाराला त्यांची जीप आली. हातात काठी, अंगात स्वेटर.

"काय गे पोरी, आलं काय तुझं?"

"नाही अण्णा."

"येतंय की. स्वल्प थांब." ते पंखावर बोट आपटून कापडाचा आवाज ऐकत राहिले. "बापासारखा हात आहे हं तुझा. आणि ऐक, मी जायच्या आत आलं तर पहिला पाशिंजर मीच. रिवाज मोडायचा नाही."

"तुमच्याशिवाय दुसरं कोण बसणार अण्णा? तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं."

जयसिंगराव खूश होऊन हसले. पत्रा वाजला. पल्याडून शिवाप्पानं सुई पाठवली ती वाकडी आली. त्याला हसू आवरत नव्हतं की भीती, कळायला मार्ग नव्हता. या हँगरात तिच्या मनातलं त्याला एकट्याला ठाऊक होतं. कापडाच्या आड बसून माणूस बरंच काही बोलून जातो.

ते गेल्यावर तो म्हणाला, "अक्का, म्हातारा झालाय गे. हृदय बंद पडलं म्हणजे?"

"माझ्या आप्पांचं बंद पडायला अकरा वर्षं लागली. याचं घाईत पडलं तर पडू दे."

"असं बोलू नये."

"मग विचारू नये. गाठ मार."

पोस्टमन त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी आला तो वीजबिल घेऊन. कावेरीचं शिवण घट्ट होत चाललं. एका ठिकाणी दोरा कापडात इतका रुतला की उसवून पुन्हा घालावा लागला. रात्री जेवताना आई बोटं मोजायची. दोन तारखेला आठ राहिले. सहा राहिले. पाच.

चार राहिले असताना शिवाप्पा फाटकाकडून सायकल धरून पळत आला; सायकल पोस्टमनची, आणि पोस्टमन मागून शिव्या देत. लांब तपकिरी पाकीट. कावेरीच्या हातात सुई होती, गाठ अर्धी पडलेली. तिनं पाकिटाकडं पाहिलं, गाठ पुरी केली, दोरा कापला, हात पुसले आणि मग पाकीट फोडलं. आत पासपोर्टसारखं छोटं पुस्तक. तिचा फोटो, कपाळावरच्या टिकलीवर निम्मा शिक्का.

"मैसूरपाक सांगू काय?" शिवाप्पा धापा टाकत म्हणाला.

"सांग. आणि अण्णांना फोन लाव. म्हणावं उद्या सकाळी नऊला. स्वल्प लवकरच या."

दुसऱ्या दिवशी धुक्याचं नाव नव्हतं. आभाळ धुऊन ठेवलेल्या परातीसारखं. कावेरी पहिल्या बसनं आली. हँगरात आल्या आल्या तिनं नळाखाली बादली भरली आणि जिथं बावीस वर्षांपूर्वी ठेवली होती तिथंच, दाराच्या डाव्या अंगाला, नेऊन ठेवली. मग विमान तपासलं. त्या विमानाला सगळे गुब्बी म्हणायचे, कन्नडात चिमणी. दोन सीटचं, कापडी पंखांचं. त्या पंखांतली प्रत्येक गाठ तिची होती. सहा गिरक्या ते आरामात सोसेल, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

मेंबर जमले. नारळ फुटला. जयसिंगराव काठी शिवाप्पाकडं देऊन उजव्या सीटवर चढले. पट्टा कावेरीनं स्वतः आवळला.

"श्वास तरी घेऊ दे की गे!"

"घ्या अण्णा. पोटभर घ्या."

गुब्बी उठली. खाली रस्ता, तळी, मळ्यांचे चौकोन, लांबवर नंदी डोंगर. जयसिंगराव बोटानं दाखवत होते, तो माझा मळा, म्हणजे होता, ती विहीर. चार हजार फुटांवर आल्यावर कावेरीनं चारी दिशांना पाहिलं. मग इंजिन कमी केलं. आवाज बसला, वारा तेवढा ऐकू यायला लागला. तिनं नाक हळूहळू वर घेतलं. वेग पडत गेला. विमान थरथरलं. आता फक्त पाय दाबायचा, की गिरकी सुरू.

"अण्णा," ती म्हणाली, "घट्ट बसलात काय?"

जयसिंगरावांचं बोट विहिरीवरच राहिलं. त्यांनी आयुष्यभर विमानं उडवली होती; वेग कुठं पडतो आणि पुढं काय येतं, हे त्यांना सांगायला नको होतं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. उजव्या हातानं दारावरची नळी पकडली, डाव्यानं सीटची कड.

"कावेरी..."

आणि तिथं, पाय दाबायच्या आत, तिच्या डोक्यात आईची बोटं आली. एक गिरकी म्हणजे तीन सेकंद. सहा म्हणजे अठरा. अठरा सेकंदांत संपणार! मग हा माणूस खाली उतरणार, धोतर ओलं असो की कोरडं, आणि मिशीवर हात फिरवून म्हणणार, शिंप्याच्या पोरीनं काय फिरवलं रे मला. कॅनडात लेकीच्या घरी लोकांना सांगणार. आणखी एक गोष्ट मिळणार त्याला. छे! बावीस वर्षं, वर पाच महिने, आणि हाती अठरा सेकंद?

तिनं नाक खाली घेतलं. इंजिन वाढवलं. गुब्बी सरळ झाली आणि शहाण्यासारखी चालू लागली.

जयसिंगरावांनी नळी न सोडताच विचारलं, "कधी?"

"काय कधी?"

"करायचं आहे ते कर. कधी करणार?"

"करतो की," कावेरी म्हणाली, अगदी त्यांच्याच सुरात. "स्वल्प थांबा."

मग ती उडत राहिली. नंदीच्या अंगानं एक लांब वळण, तिथून पश्चिमेला, पुन्हा मागं. एक धक्का नाही, एक हेलकावा नाही. ताटातलं ताक सांडलं नसतं. पण तिचा हात जरा इंजिनाच्या दांडीकडं गेला की शेजारचा माणूस सीटमध्ये रुतायचा. तिनं केस कानामागं सारले तरी तो डोळे मिटायचा. दोनदा तिनं उगीच इंजिन कमी केलं आणि पुन्हा वाढवलं. उगीच कसं म्हणायचं, मुद्दामच. एकदा त्यांनी पुन्हा विचारलं, "पोरी, आता?" तिनं पुढचं वळण घेतलं. चाळीस मिनिटं. पेट्रोल असतं तर तिनं संध्याकाळ केली असती.

उतरताना चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. जयसिंगराव मात्र उतरेनात. थंडीचे दिवस असून स्वेटर पाठीला चिकटला होता, आणि नळी धरलेला हात सुटत नव्हता. कावेरी वळसा घालून त्यांच्या बाजूला आली आणि एकेक बोट सोडवू लागली, रुतलेला दोरा उसवावा तसं, तुटू न देता.

"केलं का नाहीस?" ते हळू आवाजात म्हणाले.

"गादी धुवायला माणूस नाही हो आता," ती म्हणाली. "आप्पा गेले."

मैसूरपाकाचं ताट फिरलं. जयसिंगराव खुर्चीत बसले होते, वडी हातातच. एका नव्या मेंबरनं हौसेनं आठवण दिली, "अण्णा, ती शिंप्याची गोष्ट? आता परत कधी ऐकायला मिळणार?"

सगळे कान देऊन थांबले. जयसिंगरावांनी वर पाहिलं. समोर कावेरी ताट धरून उभी होती.

"सांगा की अण्णा," ती म्हणाली. "त्या गादीपर्यंत सांगा. मी थांबते."

वडीतलं तूप त्यांच्या बोटांवरून मनगटाकडं ओघळलं.

"आठवत नाही," जयसिंगराव म्हणाले. काठी मागितली आणि जीपकडं चालू लागले. नवा मेंबर बावचळून हसला, पण त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

जीप गेली. धूळ खाली बसली. आईला काय सांगायचं ते बनशंकरीच्या बसमध्ये ठरवू, असं कावेरीनं मनाशी म्हटलं. सहा कबूल केल्या होत्या आणि दिली एकही नव्हती, म्हातारी सहजासहजी ऐकणार नव्हती. घोड्यांवरच्या दुसऱ्या विमानाच्या पंखाच्या सात फासळ्या अजून राहिल्या होत्या. हवा कोरडी होती, दुपारपर्यंत शिवून झालं तर पहिला डोपचा हात आजच बसला असता. पण बोटांना मैसूरपाकाचं तूप लागलं होतं, आणि तुपाचा हात कापडाला लागला की तिथं डोप धरत नाही.

दाराच्या डाव्या अंगाला सकाळची बादली भरलेली होती. तिनं वाकून त्यात हात धुतले, साबण लावून, नखांपर्यंत. पदराला पुसले. दोरा मेणावरून तीनदा ओढला.

"अक्का," कापडापल्याडून शिवाप्पा म्हणाला, "किती दिल्यास? खालून काही दिसलं नाही."

"सुई दे इकडं," कावेरी म्हणाली.